लबाडाला लावलेलं हळदकुंकू

चूक ड्रायव्हरची होती. हे वाक्य मी तेव्हा पिवळ्या कागदावर मोठ्या टाइपात छापलं होतं. ते कुणाच्या हाती पडलं नाही, म्हणून इथे सगळ्यात आधी लिहिते.

पेनसिल्व्हेनियात विद्यापीठाचं एक गाव होतं, तिथे आम्ही दोघी एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. मी नागपूरची. कॉलेजात फीवाढीविरुद्ध पत्रकं लिहून हात तयार झालेला, तोंड त्याच्याही आधी. अमेरिकेत आल्यावर अभ्यास करायचा सोडून मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या, म्हणजे प्रोग्रॅम सगळ्यांना खुले असावेत म्हणणाऱ्यांच्या, गटात शिरले आणि कॅम्पस बसच्या थांब्यांवर पत्रकं वाटायला लागले. रूममेट साताऱ्याची. कंप्युटर सायन्समध्ये पीएचडी करत होती. कमी बोलायची, आणि जे बोलायची ते बहुतेक वेळा स्वयंपाक करता करता. तिचा सगळा विषय मी ओट्याशी उभी राहून शिकले.

"तू कंप्युटरला डिस्क लावतेस ना," ती कांदा चिरत म्हणाली होती, "तेव्हा ती डिस्क आधी आपली ओळख सांगते. मी अमुक, माझं नाव एवढ्या अक्षरांचं. ते ऐकून घेणारा जो प्रोग्रॅम असतो, तो ड्रायव्हर."

"बरं. मग?"

"मग काय, तो ऐकतो. सगळं ऐकतो. ती म्हणाली, माझं नाव हजार अक्षरांचं, तर हा हजार अक्षरं उतरवून घ्यायला बसतो. जागा ठेवलेली असते शंभराची."

"आणि बाकीची?"

"शेजाऱ्याच्या घरात." तिनं कांदा कढईत ढकलला. "शेजारी काय असेल ते पुसलं जातं. तुझी फाइल असेल, नाहीतर ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची कामं असतील. कुणी मुद्दाम तसं यंत्र बनवलं आणि तुझ्या कंप्युटरला नुसतं लावलं, तर कंप्युटर त्याचा. पासवर्ड नको, काही नको."

"आणि हे कुणाला माहीत नाही?"

"सगळ्यांना माहीत आहे. सगळे म्हणतात, हार्डवेअर कशाला खोटं बोलेल?"

मी तिथल्या तिथे पेटले. माझं तसंच असतं. नेटवर्कवरून आलेल्या प्रत्येक अक्षराची झडती घ्यायची, आणि वायरीनं लावलेल्या डबड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवायचा, ही कुठली पद्धत? ती पेटली नव्हती. ती त्यावर उपाय लिहीत होती. यंत्र आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये बसेल असा एक प्रोग्रॅम, जो यंत्राचं प्रत्येक म्हणणं आधी तपासेल आणि मगच पुढे जाऊ देईल. एका ड्रायव्हरपुरता नाही, सगळ्यांसाठी एकच. आम्ही घरात त्याला चाळणी म्हणायचो. इंग्रजी नाव लांबलचक होतं, तिच्या प्रोफेसरांनी ठेवलेलं.

त्या वर्षी उन्हाळ्यात तिनं ती चाळणी ऑपरेटिंग सिस्टिमच्या ई-मेल यादीवर पाठवली. ही सिस्टिम जगभरचे लोक मिळून बनवतात, कुणीही सुधारणा सुचवू शकतं, घ्यायची की नाही ते यादीवरची वरची माणसं ठरवतात. त्यांच्यातल्या एकानं उत्तर दिलं, की खोटं बोलणारं यंत्र म्हणजे बिघडलेलं यंत्र, ते फेकून द्या, त्याच्यासाठी सगळ्यांचे कंप्युटर हळू करायचे नाहीत. असं काही प्रत्यक्षात कुठे घडलं असेल तर दाखवा, मग बघू.

"उद्धट मेला," मी म्हटलं.

"मुद्दा बरोबर आहे त्याचा," ती म्हणाली. "घडलेलं काही नाहीये माझ्याकडे."

चाळणी पारखायला खोटं बोलणारं यंत्र हवं. बाजारात ते मिळत नाही. तिनं एक छोटं सर्किट घेतलं, त्यावर आपला प्रोग्रॅम चढवला, आणि ते कंप्युटरला सांगायला लागलं की मी हार्ड डिस्क आहे. त्याचं नाव लबाड. लबाड लॅबमधून घरी आणि घरून लॅबमध्ये तिच्या सॅकमधून फिरायचा. एकदा ओट्याशेजारी ठेवलेला असताना त्याच्यावर फोडणीचं तेल उडालं आणि तो मेला. दुसरा बनवल्यावर तिनं त्याला डिस्कच्या एका रिकाम्या चंदेरी पेटीत बसवलं.

ती पेटी आमच्या गावातल्या प्रत्येक देशी घरात होती. थँक्सगिव्हिंगच्या सेलला आम्ही सगळे एकाच दुकानापुढे, एकाच थंडीत, एकाच रांगेत उभे राहिलो होतो आणि सगळ्यांनी सगळ्यात स्वस्त तीच उचलली होती. त्यातल्या एका पेटीत नाटकं होती. मुंबईहून कुणाच्या तरी वडिलांनी उतरवून पाठवलेली मराठी नाटकं, कितीतरी. ती डिस्क घरोघर फिरायची. पेट्या सारख्या, म्हणून आदल्या दसऱ्याला तिच्यावर लागलेलं हळदकुंकू कुणी पुसलं नव्हतं. कुंकवाची ती नाटकांची, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

नाटकांचा कारभारी होता सांगलीचा एक मित्र. सिव्हिलमध्ये पीएचडी, शेवटचं वर्ष, आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. रूममेट पहिल्यांदा गावात आली तेव्हा बसथांब्यावर तिला घ्यायला गेलेला तोच. दर शनिवारी दुपारी आमच्याकडे नाटक आणि खिचडी. गणपतीला आरती त्याची, दसऱ्याला पूजाही त्याचीच, कारण अर्धेमुर्धे का होईना, मंत्र त्यालाच यायचे.

त्या वर्षीचा दसरा मला नीट आठवतो. आपट्याची पानं कुठली मिळायला, आम्ही बाहेर पडलेली मेपलची पिवळी पानं धुऊन पुसून घेतली होती, सोनं म्हणून. टीव्हीखालच्या फळीवर रूममेटनं हत्यारं मांडली. दोघींचे लॅपटॉप, कुकर, सर्किटला डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न, नाटकांची डिस्क, आणि लबाड. मी नास्तिक, मी बटाटे सोलत होते.

"ह्याला पण?" सांगलीकर कुंकवाचं बोट हवेत धरून म्हणाला. "हा तर खोटं बोलतोय की गं. देव चिडंल."

"देव काय ड्रायव्हर आहे होय?" ती म्हणाली. "त्याला कळतं कोण खोटं बोलतंय ते. लाव. सगळ्यात जास्त राबतो तो हाच."

"घ्या. लबाडोबा प्रसन्न!"

आम्ही हसलो. त्यानं हळद लावली, वर कुंकू लावलं. खोलीत बसलेल्या इतक्या इंजिनियरांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की जी एक खूण होती ती आता दोन पेट्यांवर झाली.

पुढच्या शुक्रवारी भर दुपारी तो आमच्याकडे आला. दिवाळीच्या कार्यक्रमासाठी एका नाटकाची डीव्हीडी करायची होती आणि त्याच्या लॅबमधल्या कंप्युटरला डीव्हीडी लिहायची सोय होती. मी आत फोनवर होते. "मी घेतो गं डिस्क," तो बाहेरून ओरडला आणि गेला. फळीवर दोन पेट्या होत्या. कुंकवाची एक त्यानं उचलली.

त्याच्या लॅबमध्ये त्याच्याच पीएचडीसाठी काँक्रीटची एक मोठी तुळई महिनोन्‌महिने वजनाखाली ठेवलेली होती. ती किती वाकते आणि कुठे तडकते त्याचं मोजमाप सतत एका कंप्युटरमध्ये जमा व्हायचं. डीव्हीडीवाला कंप्युटर तोच, आणि त्यावर सिस्टिमही तीच, यादीवाल्यांची. त्यानं लबाड लावला. लबाडानं आपलं हजार अक्षरी नाव सांगितलं. ड्रायव्हरनं ऐकलं.

स्क्रीन गोठला. त्याला वाटलं, नेहमीसारखा हँग झाला असेल. क्लासची वेळ झाली होती, परत येऊन बघू म्हणून तो गेला. परत आला तेव्हा दारात पोलिसांची दोन माणसं हातमोजे घालून उभी होती.

कारण लॅबच्या तंत्रज्ञाला दिसलं होतं ते असं. बंद पडलेला कंप्युटर, तुळईच्या मापांची फाइल कुजलेली, आणि कंप्युटरला लावलेली एक पेटी, जी डिस्क नव्हतीच, जिच्या आत हातानं डाग दिलेलं सर्किट होतं, आणि जिच्यावर लाल-पिवळी पूड होती. त्या वर्षांत अमेरिकेत टपालातून विषारी पूड येण्याची धास्ती होती, पाकिटातून साधी पिठी सांडली तरी इमारत रिकामी करायचे. हे काय असेल ते सांगायला तिथे एकही माणूस नव्हता, आणि जो होता तो दारातूनच मागे वळला आणि आमच्याकडे आला.

"अगं, ते लबाड होतं," तो म्हणाला. बूटही काढले नव्हते त्यानं. "मी लबाड नेलं. पिशवीत घातलंय त्यांनी. कुंकवाला हात लावंनात."

रूममेटनं गॅस बंद केला. मग तिनं विचारलं, "कुणी पाहिलं तुला लावताना?"

"नाही. पण मी जातो आता, सांगतो."

"काय सांगशील?"

"खरं काय ते."

"लॅबच्या कंप्युटरला घरची डिस्क लावली, नाटकाची डीव्हीडी करायला. हे?" ती म्हणाली. "तुझा प्रोफेसर तुला उद्या हाकलेल. मी जाते. यंत्र माझं आहे. मला निदान ते काय आहे हे समजावता येईल."

"असं कसं, यार..."

"बस तू. खिचडी आहे."

आणि तो बसला. मला त्याचं हे अजून खुपतं. "असं कसं" तो एकदाच म्हणाला. वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाला दुसऱ्यानं बस म्हटलं की बसायला फार बरं वाटतं. पण तो फार लवकर बसला.

ती गेली आणि सांगून आली, की यंत्र माझं, माझ्याकडून चुकून तिथे गेलं. कुंकू म्हणजे काय हे तिनं त्यांना तीनतीनदा समजावलं. प्रयोगशाळेत तपासून ते हळदच निघालं तेव्हा एक साहेब तिला म्हणाले, म्हणजे तुम्ही मशीनची प्रार्थना करता? ती म्हणाली, वर्षातून एकदा. हे सांगताना तिला हसू येत होतं. मला नव्हतं येत. हत्यारावर हळद लावणारी पोरगी संशयित, आणि तिकडे जगातला प्रत्येक कंप्युटर कुठल्याही डबड्याचं काहीही ऐकून घेतो, तो निर्दोष! ज्या खात्यानं चौकशी लावली त्या खात्याच्या प्रत्येक टेबलावर तसलाच ड्रायव्हर चालू होता.

खरी गोष्ट तर पुढेच होती. यादीवरचा तो माणूस म्हणाला होता, घडलेलं दाखवा. आता घडलं होतं. कुणी घडवलं नव्हतं, कुणाचा वाईट हेतू नव्हता, नुसती पेटी बदलली आणि एका तुळईची कितीतरी आठवड्यांची मापं गेली. तिनं आपल्या लॅबमध्ये तीच सिस्टिम चाळणीसकट लावून पाहिली. लबाड आता तिच्याजवळ नव्हता, पण त्याचा प्रोग्रॅम होता, तो तिनं दुसऱ्या सर्किटवर चढवला. चाळणीनं त्याला पहिल्याच वाक्याला अडवलं. कंप्युटर चालत राहिला. मला दाखवायला तिनं बोलावलं होतं. स्क्रीनवर काहीच झालं नाही, आणि ते काहीच न होणं बघत ती खुर्चीत मागे रेलली. इतकी खूश मी तिला आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. "तुमचा कंप्युटर कुणाचंही ऐकतो. चूक ड्रायव्हरची होती, तिची नाही." पिवळा कागद, गठ्ठाच्या गठ्ठा छापून आणला. मी आजवर लिहिलेल्या पत्रकांत ते सगळ्यात चांगलं होतं, हे आजही सांगते.

त्याच आठवड्यात तिच्या प्रोफेसरांनी तिला बोलावलं. ते तिच्या बाजूचे होते, पण विद्यापीठाचे वकील मध्ये आले होते. त्यांचं म्हणणं असं, की तिनं ते दुसरं सर्किट आणि लबाडाचा प्रोग्रॅम जमा करावा, चाळणी वेबपेजवरून आणि यादीवरून मागे घ्यावी, या प्रकाराबद्दल कुठे बोलू किंवा लिहू नये अशी सही द्यावी, आणि विषय बदलावा. मग प्रकरण इथेच मिटेल. नाहीतर रीतसर सुनावणी. सुनावणीत सगळ्यांना बोलावतील, पेटी तिथे कशी पोचली ते विचारतील. आणि निलंबन झालं तर व्हिसा गेला, सामान बांधा.

ती घरी आली तेव्हा मी पत्रकांचा गठ्ठा टेबलावर ठेवला होता. तिनं एक घेतलं, उभ्या उभ्या वाचलं, पेन मागितलं आणि एक वाक्य दुरुस्त केलं. मी लिहिलं होतं, "ड्रायव्हर मूर्ख असतो." तिनं केलं, "ड्रायव्हरला संशय घ्यायला कुणी शिकवलेलं नसतं."

"छान लिहिलंयस," ती म्हणाली. "वाटू नकोस."

"का? सुनावणी होऊ दे ना! भर सुनावणीत दाखव ना त्यांना चाळणी. तुझ्याकडे पुरावा आहे बाई, ह्याच्याहून मोठा पुरावा कुणाला मिळतो?"

"आणि ते विचारतील, पेटी तिथे कुणी नेली."

"सांग ना मग! त्यानं नेली. त्याला कुठे फाशी देणारेत?"

"शेवटचं वर्ष आहे त्याचं."

"आणि तुझं काय आहे?"

तिनं पत्रक परत गठ्ठ्यावर ठेवलं. वरच्या मजल्यावर सांगलीकर चालत होता, पावलं ऐकू येत होती. मी म्हटलं, मी जाते वर, मीच त्याला घेऊन जाते. तर ती दारात आडवी उभी राहिली. साधी उभी राहिली, हात दाराला. "तुला जे करायचं ते तुझ्या स्वतःच्या बाबतीत कर," ती म्हणाली. "हे माझं आहे."

तिचं होतं, यात वाद नाही. मी आयुष्यभर लोकांना सांगत आले होते, की ज्याचा प्रश्न त्यानं ठरवायचं, बाहेरच्यानं पुढारी व्हायचं नाही. ते तत्त्व मी पाळलं. गठ्ठा कपाटात तांदळाच्या पिशवीमागे ठेवला. कुठलं तत्त्व पाळल्याची मला इतकी हळहळ कधी वाटलेली नाही.

तिनं सही केली. चाळणी मागे घेतली. यादीवर एका ओळीचा मेल टाकला, की हे काम पुढे चालू नाही. त्यावर कुणी काही विचारलंही नाही. नवा विषय मिळाला तो असा, की मोठ्या फाइली कमी जागेत कशा मावतील. ती रोज लॅबमध्ये जायची आणि वेळेवर घरी यायची. स्वयंपाक करता करता विषयावर बोलणं बंद झालं. मी मुद्दाम विचारायची, आज काय केलंस? ती म्हणायची, फाइली घड्या घालून ठेवल्या. पुढच्या वर्षी तिनं पीएचडी सोडली आणि मास्टर्सवर समाधान मानलं. सांगलीकर मात्र वेळेवर डॉक्टर झाला. तुळईची मापं त्यानं उरलेल्यांवरून भागवली. नाटकांची डिस्क त्यानं तिलाच देऊन टाकली. शनिवारी ती लावायचं आमच्यातल्या कुणी नाव काढत नसे.

घर सोडताना स्टीलची भांडी गुंडाळायला तिनं कपाटातून पिवळे कागद काढले. मी एकेक भांडं पुढे करत गेले. वाटीपासून परातीपर्यंत सगळ्या भांड्यांवर चूक ड्रायव्हरची होती.

आता ती ट्रॉय नावाच्या गावात असते, मोटारी बनवणाऱ्यांच्या भागात. मोटारींच्या आतले म्युझिक प्लेयर आणि पडदे चालवणारं सॉफ्टवेअर लिहिते. मी तिथून पाचसहा तासांवर, शॉमबर्गला नोकरी करते आणि पत्रकं ब्लॉगवर लिहिते. गेल्या दसऱ्याच्या सुमाराला ड्राइव्ह करून तिच्याकडे गेले, कारण एक गोष्ट फोनवर सांगायची नव्हती.

लॅपटॉप उघडून मी तिला ती ई-मेल यादी दाखवली. युरोपातल्या कुणीतरी स्वतः बनवलेल्या यंत्रानं तेच खोटं बोलून दाखवलं होतं आणि दुरुस्ती पाठवली होती. त्याच माणसानं, ज्यानं तिला यंत्र फेकून द्या म्हटलं होतं, त्यानं आभार मानून ती घेतली होती.

तिनं सावकाश वाचलं. दुरुस्तीही ओळीओळीनं वाचली.

"छान आहे," ती म्हणाली. "पण एकाच ड्रायव्हरमधलं भोक बुजवलंय त्यानं. शेजारचा बघ ना, त्यात तसंच आहे. आणि हा. आणि हा." ती बोटानं दाखवत गेली. तिचा आवाज जुन्या दिवसांसारखा भरभर व्हायला लागला. "सगळ्यांसाठी एकदाच करायला हवं. मधे काहीतरी पाहिजे, म्हणजे..."

तिनं स्क्रीनवरचं बोट काढून घेतलं.

"लिही ना त्यांना," मी म्हटलं.

"सही केलीये मी."

"ते विद्यापीठ आता विसरलंही असेल!"

"मी नाही ना विसरले." तिनं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "आणि आता मला जमायचंही नाही गं. चाळणीतलं निम्मं आठवत नाही. जे आठवतं, ते तेव्हाच्या सिस्टिमचं."

कुकरची शिट्टी झाली, ती उठली. फळीवर चंदेरी पेटी होती, नाटकांची. तिच्यावरचं कुंकू पार विटलेलं, तपकिरी झालेलं. त्या दिवशीच दुपारी फोन वाजला, तो सांगलीकराचा. दर दसऱ्याला करतो म्हणे. ती त्याच्याशी हसत बोलली, त्याच्या पोरीला शाळेत मेपलची पानं वाटायला सांग म्हणाली. मला फोन देऊ का, असं तिनं खुणेनं विचारलं. मी मान हलवली, नको.

निघताना गाडीपर्यंत आली. मी म्हटलं, मग मी लिहिते. मी कुठे सही केलीये?

तिनं जरा विचार केला. "मराठीत लिही," ती म्हणाली. "म्हणजे वकिलांपर्यंत जायचं नाही."

"ड्रायव्हर लिहिणाऱ्यांपर्यंतही जायचं नाही."

"हो, ते आहेच." मग म्हणाली, "आणि नावं नको."

"तुझं नाही घालत."

"कुणाचंच नको. त्याचं पण नको."

नावाशिवायच्या पत्रकाला मी आजवर हात लावलेला नाही. ज्याला जाब विचारायचा त्याचं नाव वर, मोठ्या अक्षरात, हे मी पहिल्यांदा शिकले. तिचं नाव तर मला सोन्यानं छापायचं होतं.

लिहिलं नाही. त्याचंही लिहिलं नाही. जड गेलं.